गिटार आणि ट्यूबचा तुकडा

रेडिओलाही भरतकामाचं पांघरूण घालायचे, त्या काळातली गोष्ट. दमयंतीबाईंची गिटार त्यांच्या मांडीवर आडवी निजून गायची. तारांवरून पोलादी कांडी सरकली, की तिचा सूर ढगासारखा तरंगत जायचा.

एकदा वाचनालयात कार्यक्रम ठरला. बाई रेशमी साडी नेसल्या आणि गिटार घसरू नये म्हणून मांडीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा अंथरला.

"रेशमावर हे काळं ठिगळ? मी नाही याच्यावर बसायची," गिटार फुरंगटली. तिनं अंग झटकून तुकडा खाली पाडला. बाईंच्या ते ध्यानातही आलं नाही.

पहिलाच लांब सूर निघाला आणि त्याच्यामागोमाग गिटारही घसरत गुडघ्यांपर्यंत गेली. तिला सावरताना बाईंच्या हातून कांडी सुटली, सूर मध्येच तुटला. बाईंनी वाकून तुकडा उचलला आणि पुन्हा अंथरला.

आता गिटार जागची हलेना. सूर मात्र खिडकीतून चिंचेच्या शेंड्यावर गेला, तिथून आणखी वर.

"तुला नाही का रे जावंसं वाटत?" तिनं हळूच विचारलं.

"चाकात होतो तेव्हा पुष्कळ फिरलो," तुकडा म्हणाला. "आता तू जाऊन ये. मी तुला धरून बसतो."