कोपऱ्यातली दोघांची जागा

अहो पाहुणे, त्या कोपऱ्यात एकट्यानं नका बसू. या, खिडकीखाली ऐसपैस जागा आहे. आमची ही धर्मशाळा तिकोनी झाली, कारण मागचा कातळ कुणाच्या बापाला फुटला नाही. भिंतींना धरून जांभ्याच्या बैठका आहेत आणि त्या चिंचोळ्या टोकाला समोरासमोर दोनच जागा. त्या दोन जागांचं वेगळं आहे.

बांधणारा रावजी गवंडी. बैठकीची उंची तो कधी मापून ठरवत नसे म्हणे. चिरे नुसते रचायचे, बायकोला, आवडीला, त्यावर बसवायचं आणि विचारायचं, "टेकले पाय?" तिनं टाचा टेकवून "टेकले" म्हटलं, की मगच चुना. लांबच्या बाजू अशाच झाल्या. टोकाशी घोडं अडलं. गाव म्हणालं, बुजवून टाक.

आवडी म्हणाली, "बुजवायचं कशाला? दोघं बसतील की, समोरासमोर."

"गुडघ्याला गुडघा लागेल, बये."

"लागू दे!"

त्याच आठवड्यात आवडी तापानं गेली. दोन दिवसांत.

तेरावं उरकून रावजी कामावर आला. डोळ्याला पाणी नाही. वाढलं तर जेवायचा, मीठ जास्त पडलं तरी कळायचं नाही. बोटावर चिरा पडून नख काळं झालं, तरी हूं की चूं नाही. टोकाच्या दोन जागा रचायचा, बघत राहायचा, उतरवायचा, पुन्हा रचायचा. चुना लावायला हात उठेना. विचारणार कुणाला? महिना गेला. हाही आता हातचा जातो, असं लोक उघड बोलू लागले.

पाणपोईवर भागीरथी म्हातारी होती. तिचा नवरा त्याच तापात गेलेला. असं सांगतात, एका दुपारी रावजी रचलेल्या चिऱ्यांवर बसला असताना तिनं घागर खाली ठेवली आणि समोर येऊन बसली. गुडघ्यावर गुडघा आपटला. रावजीच्या तोंडून सवयीनं निघालं, "टेकले पाय?"

"टेकले रे बाबा."

तो गुडघा चोळत म्हणाला, "गुडघा दुखला."

महिन्याभरात त्याला पहिल्यांदा काही दुखलं होतं. मग तो उठला आणि चुना कालवायला लागला.

आजही गावात कुणाचं माणूस गेलं, की तेराव्यानंतर मागे राहिलेल्याला तिथं बसवतात. समोर गावातलं कुणीतरी बसतं. समजूत घालायची नाही, एवढंच विचारायचं, "टेकले पाय?" उत्तर नाही आलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. आमची ही गेली, तेव्हा गाव माझ्यासमोर अकरा दिवस बसलं. बाराव्या दिवशी मी म्हणालो, टेकले.