पापणीचा केस

“मग मी आयुष्यभर केलं काय, बुवा?”

भिकननाथबुवा मठाच्या ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. पायरीखाली उभे होते डॉक्टर मुकुंद हर्डीकर. म्हातारपण कोणत्या जनुकामुळे येतं, हे शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता. मोठं नाव झालं होतं, मानही जरा ताठ झाली होती. वर्षापूर्वी त्यांची आई गेली. तेव्हापासून डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, आणि त्याचीच त्यांना आता भीती वाटत होती. आल्याआल्याच त्यांनी हे बुवांना सांगितलं होतं.

“तुम्हीच सांगा की,” बुवा म्हणाले.

“स्वल्पविरामाएवढे किडे असतात. एक जनुक बदलून मी त्यांचं आयुष्य दुप्पट केलं.”

“वा! किडे दुवा देत असतील.”

डॉक्टरांना ते लागलं. पण ते गेले नाहीत.

“किडा मेला, हे कळतं कसं?” बुवांनी विचारलं.

“काडीला पापणीचा केस चिकटवायचा, आणि त्यानं हळूच शिवायचं. हलला, तर जिवंत.”

“नुसतं बघून नाही कळत?”

“छे! म्हातारे किडे निपचित पडून असतात. बघण्यावर विसंबलात की फसलात. माझ्या विद्यार्थ्यांना पहिला धडा हाच.”

“पापणी कुणाची?”

“माझीच.”

“आणि आई?”

“शेवटी ती कुणाला ओळखत नव्हती. डोळे मिटून पडलेली असायची. मी रोज दारातून बघायचो. श्वास चालू दिसला, की माझ्या खोलीत निघून जायचो.”

“हात नाही लावला?”

“झोपमोड नको म्हणून...”

शेंग सोलता सोलता बुवांचे हात थांबले.

“हलली असती, बुवा... आणि मला ओळखलं नसतं, तर?”

बुवांनी टोपली बाजूला सारली, भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले.

खाली गिरणा नदीवर कुणीतरी धुणं धूत होतं. तो आवाजही थांबला. डॉक्टर बघत राहिले. बुवांची छाती हलताना दिसेना.

“बुवा... बुवा!”

डॉक्टर पायरीखालूनच वाकून बघू लागले. मग कसेबसे वर चढले, गुडघ्यांवर बसले आणि एका बोटानं त्या सुरकुतलेल्या हाताला शिवले. कातडी आईच्या हातासारखीच मऊ आणि सैल होती.

हात हलला. त्यानं ते बोट मुठीत धरलं, तान्हं मूल धरतं तसं.

“आई गं...”

वर्षभराचं रडू एकदम आलं. साठीचा माणूस ओसरीवर ओणवा होऊन हुंदके देत होता. बुवांनी बोट सोडलं नाही.

बऱ्याच वेळानं हुंदके ओसरले. बुवांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

“आता सांगा, डॉक्टर... हललं कोण?”