वडसांगवीचा नाव नसलेला कोट

वडसांगवीच्या शिवारात परवापर्यंत ज्वारी डोलत होती, तिथे आता पुरुषभर खोल चर आहे आणि चरात काळ्या दगडाचा बुरूज उभा आहे. उत्खननाची माणसे सांगतात, की वरची माती पुराने आणलेली नाही, कुणीतरी टोपल्यांनी ओतलेली आहे. हे ऐकले की भैरोबाचा म्हातारा गुरव केरबा हलकेच मान हलवतो आणि पाहुण्यांना लिंबाखाली बसवून भानाईची हकिकत सांगतो.

भानाई बेलदारीण होती, म्हणे. हा भुईकोट तिच्या सासऱ्याने बांधला आणि त्याच तटावर तिचा नवरा बाण लागून पडला. कोट एकाकडून दुसऱ्याकडे जाई आणि दर खेपेला गाव जळे. भानाईने आपले घर तीनदा नव्याने शाकारले होते. चौथी फौज निघाल्याची खबर आली, तेव्हा किल्लेदार धाररावाने तटाच्या डागडुजीला तिलाच बोलावले.

ती गाढवे घेऊन आली, पण दगडाला तिने हात लावला नाही. म्हणाली, "धनी, फौजा कोटासाठी येतात. कोटच दिसला नाही, तर त्या गाव कशाला जाळतील?"

धाररावासाठी कोट सोडणे म्हणजे नाव सोडणे होते. मग त्याने पागोटे उतरवले, तलवारीसकट देवडीत ठेवले आणि मातीची पहिली टोपली स्वतः उचलली.

असे सांगतात, की एकवीस दिवस सारा गाव माती वाहत होता. तटाची वरची अंगे उतरवली, उरलेल्यावर नदीकाठची काळी माती घातली. नवरा पडला त्या जागी मात्र भानाईने दुसऱ्या कुणाला टोपली ओतू दिली नाही. शेवटी वर ज्वारी पेरली. पण माती कोरडी होती आणि फौज चार मजलांवर आली होती. भानाई शेतात पदर पसरून बसली आणि काळ्या आईला नवस बोलली, "आई, आम्हाला झाक. या कोटाचं नाव आमच्या ओठी पुन्हा येणार नाही."

पहाटे नदीवरून धुके आले आणि तीन दिवस हलले नाही. ते दुधासारखे दाट होते आणि त्याला ओल्या पानांचा वास होता. चौथ्या दिवशी ते विरले, तेव्हा ज्वारी कमरेएवढी झाली होती आणि बांधावर फौज उभी होती.

सरदाराने कोट कुठे आहे, असे विचारले. "इथं आमची जवारी आहे," भानाई म्हणाली.

त्याने घोडा पिकात घातला. टापांखाली जमीन पोकळ वाजली. उघड्या डोक्याने खुरपत असलेल्या धाररावाचा हात कमरेकडे गेला, तिथे काही नव्हते. तो पुन्हा खाली वाकला आणि तण उपटू लागला. सरदार त्याच्याकडे पाहत राहिला. त्याला काय कळले, कोण जाणे. वाट चुकली, असे म्हणून त्याने फौज वळवली.

गावाने नवस इतका पाळला, की कोटाचे नाव खरेच हरवले. फलकावर लिहायला ते हवे म्हणून उत्खननाच्या बाईंनी किती जणांना विचारले. केरबालाही ठाऊक नाही.

आजही गावात आलेली नवी सून आधी या शेतात ओंजळभर माती टाकते, मगच उंबरठा ओलांडते. आता ती ओंजळ थेट बुरजावर पडते. उत्खननाची माणसे हातातले काम थांबवून तिला वाट देतात, आणि त्या दिवशी तिथे कुंचा फिरवत नाहीत.