बेगच्या डोक्यावरची दोप्पी

ऐका मंडळी. ही उझबेकांच्या मुलखातली गोष्ट, तिकडच्या रेशीमबाजारात अजून सांगतात. फार वर्षांपूर्वी कोकसोय गावात ओयदिन नावाची बाई दोप्प्या शिवायची. दोप्पी म्हणजे त्यांची चौकोनी काळी टोपी, वर पांढऱ्या रेशमाचे बदाम. टाक्यांमधल्या बारीक नळ्यांत कागदाच्या वाती सारतात, म्हणून ती ताठ राहते. ओयदिनची दोप्पी घोड्याच्या टापेखालूनही ताठच निघायची, असं म्हणतात.

मुलखाचा धनी होता बेग. त्याला हेच बदाम आपल्या घोड्याच्या झुलीवर हवेसे झाले.

"माणसाच्या डोक्यावरचं जनावराच्या पाठीवर? जमायचं नाही," गावातल्या दोप्प्या शिवणाऱ्या बायकांनी तोंडावर सांगितलं.

बेग भडकला. वेशीवर हुकूम डकवला: कोकसोयच्या पुरुषांनी बोडकं राहावं. शिपायांनी घराघरांतून दोप्प्या ओढून नेल्या. अहो, तिथं उघड्या डोक्यानं कोणी मयतालाही जात नाही! आणि त्याच आठवड्यात ओयदिनचे वडील वारले. खांदा द्यायला आलेले सगळे बोडके, माना खाली. ओयदिन रडली नाही. वेशीवर गेली, हुकूम उपटला, फाडून त्याच्या वाती वळल्या. शिपायांना वाटलं, वाऱ्यानं नेला.

ईदला बेगला दोप्पी लागे ती ओयदिनच्याच हातची. मेल्याला लाज कसली! त्यानं ती डोक्यावर चढवली आणि ती आवळू लागली. हकीम थकले, कात्र्या मोडल्या, असं म्हणतात. बेग ओयदिनच्या दारात आला.

"बये, तुझी दोप्पी आवळतेय!"

"दोप्पी नाही, बेगसाहेब, डोकं फुगलंय. दोप्पीतल्या वाती तुमच्याच हुकमाच्या आहेत. ज्याची नेलीत, त्याच्या डोक्यावर आपल्या हातानं परत ठेवा."

बेग दारोदार फिरला. दर डोक्यामागे एक वात गळाली, पकड सैल झाली. शेवटी एकच वात उरली.

"आता कोण राहिलं?"

"माझा बाप. जा, ठेवा त्याच्या डोक्यावर."

बेग कबरीपाशी दिवसभर उभा राहिला. ती वात काही निघाली नाही. मरेपर्यंत त्याचं कपाळ ठणकत होतं, असं म्हणतात.

कोकसोयच्या बायका आजही प्रत्येक दोप्पीत एक नळी रिकामी सोडतात, ओयदिनच्या नावानं, तिच्या बोडक्या गेलेल्या बापासाठी. एखादं शहरी गिऱ्हाईक बोट दाबून म्हणतं, "ही इथं पोकळ आहे, भाव कमी करा." मग बाई दोप्पी त्याच्या हातातून काढून घेते आणि म्हणते, "जा, बोडकाच फिर!"