नावाड्याच्या घड्याळाचा अडखळणारा ठोका

फार फार पूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते आणि माणसांना आजच्याएवढी घाईही नव्हती. लहानांनो, जरा जवळ सरका. मोठ्यांनीही बसायला हरकत नाही, ही गोष्ट त्यांचीही आहे.

एका रुंद नदीच्या काठी एक नावाडी राहायचा. एका पुरात त्यानं परमुलखातल्या एका सौदागराला बुडताना वाचवलं. सौदागरानं जाताना आपलं खिशातलं घड्याळ काढून त्याच्या हातावर ठेवलं. चांगलं गोल, जड, चांदीच्या झाकणाचं, रोज किल्ली द्यावी लागणारं. नावाड्यानं ते खिशात कधी ठेवलं नाही. त्याला खिसाच नव्हता. त्यानं ते कोनाड्यात, एका रिकाम्या पितळी वाटीत ठेवलं. वाटीमुळं आवाज घुमायचा आणि झोपडीभर ऐकू यायचा.

एका पावसाळ्यात घड्याळ कोनाड्यातून पडलं, आणि आतल्या एका चाकाचा दात तुटला. नदी दुथडी भरलेली, शहर पलीकडं. नावाड्यानं होडीचा एक खिळा घेतला आणि कानस घेऊन तो घासत बसला. पाऊस उघडेपर्यंत त्यानं त्या खिळ्याचा दात केला आणि चाकाला बसवला. दात बसला, पण जरा जाड झाला. तेव्हापासून घड्याळ लंगडायला लागलं. टक् टक् टक् असं चालता चालता मध्येच एक ठोका अडखळायचा, आणि पुढचा घाईघाईनं यायचा. उंबऱ्याला ठेच लागावी आणि माणसानं स्वतःला सावरावं, तसा.

दिवसभरात ते थोडं मागंही पडायचं. मग नावाडी भर दुपारी बाहेर जायचा. होडी बांधायच्या खांबाची सावली खांबाच्या पायाशी गोळा झाली, की काटे पुढं सारायचा. झाकण उघडताना त्याचा अंगठा नेहमी एकाच जागी पडायचा. तिथं चांदीवर चिंचोक्याएवढा काळसर डाग पडला होता. सकाळी किल्ली देताना तो घड्याळाला म्हणायचा, "चल बाबा, तू चाल, मी वल्हवतो."

दिवस गेले, नावाडी गेला. मागं त्याची लेक राहिली. तीही आता केस पिकलेली. वल्हं मारायला ती बापाकडूनच शिकली होती. पण बापामागं पहिलाच पूर आला, आणि नदीनं आपली वाट बदलली. वरच्या अंगाला पाणी उथळ होऊन चांगला उतार पडला. माणसं, बैल, गाड्या, सगळं तिथूनच पायी पलीकडं जाऊ लागलं. होडीकडं कोणी येईना. होडीत पाणी साचायचं, लेक ते रोज उपसायची. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

तिला सोबत दोघांची. एक ते घड्याळ, आणि दुसरी एक साळुंकी. घरट्यातून पडलेलं पिल्लू नावाड्यानं उचलून आणलं होतं, ते पुढं घरचंच झालं. साळुंकी दोनच शब्द बोलायची, "चल बाबा." पुढचं तिला काही जमलं नाही.

एका सकाळी लेक उठली, आणि झोपडीत काहीतरी कमी आहे असं तिला वाटलं. घड्याळ बंद पडलं होतं. तिनं किल्ली दिली, हलवलं, कानाशी धरलं. काही नाही. नदीचा आवाज किती मोठा आहे, हे त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं.

काठानं एक शेळ्या चारणारा जात होता. तिचा चेहरा बघून थांबला.

"काय झालं, आक्का?"

"घड्याळ बंद पडलंय रे."

"हात्तिच्या! एवढंच? तुला कुठं दरबारात जायचंय वेळेवर?"

ती हसली नाही. मग तो ओशाळला. म्हणाला, "शहरात एक घड्याळजी आहे. मेलेलं घड्याळ उठवतो म्हणतात. त्याच्याकडं ने."

शहरात न्यायचं म्हणजे असं कळकट कसं न्यायचं? आपल्याकडं पाहुण्याकडं जाताना पोराचं तोंड धुतात, तसंच. लेकीनं चिंच भिजवली, राख घेतली आणि झाकण खसखसून घासलं. चांदी नव्या नाण्यासारखी झाली. ते फडक्यात बांधून ती निघाली.

घड्याळजीनं डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळ उघडलं. "तेल सुकून डिंक झालाय, बाई. आणि नदीची बारीक वाळू आत शिरलीय."

"दादा, पण जीव आहे ना त्यात?"

"आहे, आहे. बाजाराच्या दिवशी या. नव्यासारखं करून देतो."

"करा, दादा. नव्यासारखंच करा," ती आनंदानं म्हणाली.

घड्याळजी कामात सच्चा होता. त्यानं वाळू काढली, सुकलेलं तेल पुसलं, ताजं तेल घातलं. मग त्याला तो खिळ्याचा दात दिसला. "अरे, हे कोणी केलंय? कुदळीनं केल्यासारखं!" असं स्वतःशीच पुटपुटत त्यानं ते चाक काढलं आणि नवं सफाईदार चाक बसवलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. वाकडं दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे, इतकंच.

बाजाराच्या दिवशी लेक घड्याळ घेऊन गेली. बाजाराच्या गलक्यात तिला त्याचा ठोका नीट ऐकूच आला नाही. घरी येऊन तिनं ते वाटीत ठेवलं, आणि भाकरी थापायला बसली.

टक् टक् टक् टक्. सरळ, स्वच्छ, एकसारखं.

साळुंकी उडून कोनाड्याजवळ आली. मान वाकडी करून ऐकत राहिली. कसली तरी वाट बघत राहिली. वाट बघून बघून शेवटी तिनं स्वतःच गळ्यातून आवाज काढला. टक् टक्... टक्टक्. मध्येच अडखळलेला, पुढं घाईनं सावरलेला. आणि मग म्हणाली, "चल बाबा."

तव्यावरची भाकरी करपली. लेक तशीच बसून होती. इतके दिवस घर मुकं होतं. आता घरात आवाज होता, पण कोणी परका माणूस येऊन बोलत बसावा तसा. तिनं उठून घड्याळ हातात घेतलं. अंगठा आपसूक त्या डागाच्या जागी गेला. तिथं डाग नव्हता. नुसती चकचकीत, थंड चांदी होती. तो डाग आपणच घासून काढला, हे तिच्या ध्यानात आलं ते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा शहराच्या वाटेला लागली. साळुंकी खांद्यावर होती.

"काय झालं, बाई?" घड्याळजीनं विचारलं. "बंद पडलं?"

"नाही दादा. फार छान चालतंय."

"मग?"

"त्यात माझा बाप नाही."

घड्याळजी जरा चिडलाच. "अहो बाई, माझ्याकडं लोक घड्याळं आणून देतात, बाप नाही आणून देत! काय बिघडलंय ते तरी सांगा."

तिनं घड्याळ त्याच्यापुढं ठेवलं. डोळे भरून आले. तेवढ्यात खांद्यावरची साळुंकी बोलली. टक् टक्... टक्टक्.

घड्याळजीच्या हातातला चिमटा थांबला. अख्खा जन्म त्यानं ठोके ऐकण्यात घालवला होता. तो डोळे मिटून ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "हा त्या जाड दाताचा ठोका. मी काढलेल्या चाकाचा."

"बापानं होडीच्या खिळ्याचा केला होता तो," लेक म्हणाली. "पावसात बसून. कानशीनं."

घड्याळजी उठला. घड्याळातून उतरलेलं काही लगेच टाकायचं नाही, अशी त्याच्या गुरूची शिस्त होती. फळीवरच्या नारळाच्या करवंटीत ते चाक अजून होतं. त्यानं ते तळहातावर घेतलं आणि उजेडात फिरवून पाहिलं.

"हे बसवलं तर घड्याळ रोज मागं पडेल, बाई."

"पडू दे. बाप रोज सावली बघून लावायचा. मीही लावीन."

घड्याळजीनं चाक पुसलं आणि होतं तिथं परत बसवलं. मग म्हणाला, "बंद पाडलं होतं वाळूनं. दात बिचारा आपलं काम करतच होता. मी वाळू काढून हात आवरायला हवा होता."

"मी तरी कुठं आवरला?" लेक म्हणाली. "बापाच्या अंगठ्याचा डाग होता यावर. तो मी चिंचेनं घासून टाकला. तेवढा परत बसवता येईल का, दादा?"

घड्याळजीनं घड्याळ पाहिलं. मग तिचा हात पाहिला, वल्ह्यानं घट्टे पडलेला.

"ते काही माझ्या हातात नाही, बाई. तुमच्या आहे. रोज उघडत जा."

लेक घरी आली. वाटीत ठेवल्यावर घड्याळ चाललं, अडखळलं, सावरलं. साळुंकीनं पंख झटकले आणि ती गप्प झाली. आता तिला तो आवाज काढायची गरज नव्हती.

त्यानंतर रोज भर दुपारी लेक खांबापाशी जाऊन उभी राहायची. सावली पायाशी गोळा झाली की काटे पुढं सारायची. पलीकडच्या काठावरून कधीमधी शेळ्या चारणारा ओरडायचा, "आक्का, किती वाजले गं?"

"तुला काय करायचंय? तुझ्या शेळ्यांना कुठं दरबारात जायचंय?"

तो हसायचा. मग शेळ्या पुढं जायच्या, त्यांच्यामागं तो जायचा, आणि काठ पुन्हा रिकामा व्हायचा. लेक होडीतलं पाणी उपसून घरात यायची. घर एकटंच होतं, पण मुकं नव्हतं.

इकडं शहरात घड्याळजीची रीत बदलली. कोणी घड्याळ आणलं, की तो भिंग लावायच्या आधी विचारायचा, "यातलं काय तसंच ठेवू?" पुष्कळांना त्या प्रश्नाचा अर्थच कळायचा नाही. पण एखादा माणूस थांबायचा, आपलं घड्याळ पुन्हा हातात घ्यायचा आणि बराच वेळ बघत राहायचा.

आणि बरं का, पुढं कितीतरी पावसाळे गेल्यावर एका दुपारी लेकीनं झाकण उघडलं. त्याच जागी चांदीवर एक काळसर डाग तिला दिसला. अजून फिकाच होता. तिनं त्यावर अंगठा ठेवला. नीट बसला.

म्हणून सांगतो, वाडवडिलांचं काही दुरुस्त करायला घ्याल, तेव्हा ज्यानं ते बंद पडलं तेवढंच काढा. ज्यानं ते त्यांचं झालं, त्याला हात लावू नका.