चाळीस घरांचं तळं

गेले आठ दिवस मला धड झोप नाही, आणि त्याचं कारण आहे वीतभर. स्वयंपाकघराच्या नव्या मातीच्या भिंतीला वीतभर भेग गेली आहे. स्लॅब नको, मातीचंच घर बांधायचं, हा हट्ट माझा. त्यासाठी मी तीन पुस्तकं वाचली होती. भेगेचं पान बहुतेक मी गाळलं. आता माझ्या पाच वर्षांच्या लेकीला, रेवाला, "भिंतीपासून लांब बस" म्हणून दिवसातून वीसदा ओरडते. शेवटी शेजारच्या सुंदराआत्या वैतागून म्हणाल्या, "एवढं वाचलंस, आन् भिवराबाई ठाव न्हाई व्हय तुला?" मग त्यांनी तिची गोष्ट सांगितली. मी रेवाला सांगितली, तशीच तुम्हालाही सांगते. काही राहिलं तर चूक माझी, आत्यांची नाही.

फार वर्षांपूर्वी, या गावाला तळं नव्हतं तेव्हाची गोष्ट. घरं कुडाची होती, वर कडब्याची छपरं. एका उन्हाळ्यात चुलीतली एक ठिणगी उडाली आणि दुपारपर्यंत गावाची राख झाली. त्या राखेतून एक बाई चालत आली. पाठीला तान्ही लेक बांधलेली आणि मागे एक गाढव. तीच भिवराबाई. तिनं पायानं तुडवला की चिखल लोण्यासारखा व्हायचा, असं म्हणतात.

ती म्हणाली, "आगीला भीक घालणार न्हाईत अशी घरं बांधून देते. माझ्या लेकीला सावली द्या. पण माती मी सांगंन तिथलीच घ्यायची." आणि तिनं गावाखालचा खोलगट माळ दाखवला.

पाटील हसले. "दारात माती पडलीय आणि हिला अर्ध्या कोसावरची पाहिजे! गाढवालाबी एवढी अक्कल असते."

"असते की पाटील," भिवराबाई म्हणाली, "म्हणून तर ते मुकाट चाललंय."

घरं उठू लागली. हातभर जाडीच्या भिंती, वर मातीचंच सपाट छत, म्हणजे माळवद. उन्हाळ्यात आत गारवा, थंडीत ऊब. पण पहिल्याच वर्षी भिंतींना भेगा गेल्या. बायका पोरं उचलून बाहेर धावल्या. (हे ऐकून मला फार बरं वाटलं.) भिवराबाई म्हणाली, "अगं, नवी भिंत हाय, वाळताना बोलणारच. तिला उत्तर द्या." उत्तर म्हणजे त्याच माळाची मूठभर माती, घरातल्या सगळ्यात लहान हातानं भरलेली. पाटलांनी मात्र ऐटीत लांबून चुना मागवून भरला. तो आठ दिवसांत गळून पडला. भिंत आपल्याच मातीचं ऐकते, असं म्हणतात.

वर्षं गेली. एकोणचाळीस घरं झाली आणि माळावर भला मोठा खड्डा पडला. भिवराबाई मात्र लेकीला घेऊन लिंबाखालीच राहायची. कुणाच्या लक्षातच आलं नाही. म्हणजे आलं असेल, पण प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणीतरी बघेल.

मग तीन वर्षं आभाळ फिरकलं नाही. आड आटले, गुरं बसली. एका सकाळी गावानं गाड्या जुंपल्या. भिवराबाई वाटेत आडवी उभी राहिली. तिच्या लेकीचे ओठ फुटले होते.

"जायचं तर जावा," ती म्हणाली. "पण माझ्या लेकीची सावली राहिली की अजून."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. गाड्यांचे बैल परत सोडले. तहानलेली माणसं त्या खड्ड्यात उतरली आणि चाळिसाव्या घराची माती खणू लागली. चिखलाला पाणी कुठलं, हे कुणी विचारलं नाही. शेवटचं टोपलं पाटलांनी स्वतः भरायला घेतलं. त्यांनी कुदळ मारली आणि ती ओली होऊन वर आली. आधी बोटभर झरा, मग मनगटाएवढा. संध्याकाळी गाढव पोटापर्यंत पाण्यात उभं होतं, आणि पाटील त्याच्या शेजारी, हात जोडून. त्याच पाण्यानं भिवराबाईच्या भिंतींसाठी चिखल मळला. त्या एका घराला आजवर भेग गेलेली नाही, असं म्हणतात. जेवढी माती घरांत उभी आहे, तेवढंच पाणी तळ्यात आहे.

ते तळं पुन्हा कधी आटलं नाही. अजूनही गावात कुणी घर बांधलं, मग ते सिमेंटचं का असेना, तर घराच्या पायात तळ्याकाठच्या मातीचं एक टोपलं आधी पडतं. जुनी भिंत पाडली तर तिची माती फेकत नाहीत, नव्या भिंतीत मळतात. आणि नव्या घराची पहिली भेग गवंडी बुजवत नाही. घरातलं सगळ्यात धाकटं माणूस बुजवतं, आणि मोठी माणसं "भिवराबाई, सावली दिलीस" म्हणून भिंतीला हात लावतात.

आमच्याही घराच्या पायात ते टोपलं पडलं होतं. सुंदराआत्यांनीच टाकलं होतं, मी पुस्तकात बघत असताना.

काल दुपारी रेवानं तळ्याची माती फ्रॉकच्या ओच्यात आणली. एक मूठ भेगेत, दोन मुठी स्वतःच्या केसांत. मी भिंतीला हात लावला. बाहेर शेजारचे पत्रे तापून कडकडत होते आणि भिंत माठासारखी गार होती. "भिवराबाई, सावली दिलीस" असंही म्हटलं. पण सवय जाते कुठे? मी लगेच म्हणाले, "टिकेल ना गं हे? की कुणाला दाखवून घेऊ? पाऊस आला तर?"

रेवानं मातकट कान भिंतीला लावला आणि बराच वेळ ऐकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, भिंत गप्प झाली. आता तूपण हो ना."