बांगडीचा दोरा

"चार किलो वजन वाढलंय, बाई. तरी तुम्ही सही का अडवलीत?"

डॉक्टर कौस्तुभनं फाईल इंदूबाईंपुढं सरकवली. यमुनाबाई कासार. यकृत निकामी. लेक सविता आपल्या यकृताचा तुकडा द्यायला तयार, ऑपरेशन गुरुवारी. पोषणाच्या रकान्यात कौस्तुभनं ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'उत्तम'. पोरगा हुशार होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

इंदूबाई नगरकर तीस वर्षं या वॉर्डातल्या रुग्णांचं खाणंपिणं पाहत होत्या. नव्या डॉक्टरांना शिकवायच्याही त्याच. त्यांनी फाईल उघडली नाही.

"त्यांच्या बांगडीला दोरा गुंडाळलाय. कसला?"

"देवाचा असेल. अंगारेधुपारे चालतातच या लोकांचे."

"विचारलंत?"

दोघं खाटेपाशी गेले. यमुनाबाईंचं पोट टम्म फुगलेलं, पाय सुजलेले, आणि खांद्यांची हाडं मात्र कपड्यातून वर आलेली. कौस्तुभ रोज पोट तपासायचा. खांद्यांकडे त्याचं कधी लक्षच गेलं नव्हतं.

"दोरा व्हय?" यमुनाबाई ओशाळल्या. "बांगडी हातात ऱ्हाईना, म्हून गुंडाळला. कासारणीचा हात रिकामा बरा दिसतो का? आन् सवीला कळलं तर रडंल वो ती..."

कौस्तुभला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाढलेले चार किलो नुसत्या पाण्याचे होते. अंगावरचं मांस किती झडलंय, ते हा दोरा महिनाभर त्याच्या डोळ्यांसमोर सांगत होता.

"कासारीणबाई," इंदूबाई म्हणाल्या, "आमच्या डॉक्टरांच्या हाताचं माप सांगा बघू."

यमुनाबाईंचा चेहरा खुलला. चाळीस वर्षं गावोगावच्या बायकांचे पंजे दाबून त्यांनी बांगड्या भरल्या होत्या. त्यांनी कौस्तुभचा पंजा हातात घेतला, अंगठ्याखाली चाचपला.

"पावणेतीन. पर हाड कडक हाय, दाबायला लागंल."

"मग दाबा ना, मावशी. जोरात दाबा."

"जोरातच दाबतीया, लेकरा..."

कौस्तुभला काहीच जाणवलं नाही. पाखरू बोटावर बसावं, इतकाच भार.

तो इंदूबाईंकडे वळून हळूच म्हणाला, "गुरुवारी टेबलावरून उठल्याही असत्या, बाई. पण पुढचे दिवस... या अंगानं कशाच्या बळावर काढले असते?"

इंदूबाईंनी यमुनाबाईंच्या बांगडीवरचा दोरा नीट केला.

"तारीख तीन आठवडे पुढं नेतो. तोवर दर दोन तासांनी खायला घालू, झोपतानासुद्धा." त्याचा मोकळा हात खिशातल्या पेनाकडे गेला. "आधी ते 'उत्तम' खोडतो."

"खोडाल सावकाश," इंदूबाई म्हणाल्या. "तो हात सोडू नका अजून."